थंडं होऊन रायलं

नवतपाचा चौथा दिवस. सोनेगावच्या विमानतळावर
काँक्रीटच्या सांध्यांतलं डांबर बुटाला चिकटतं.
खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा,
त्यावर कानाचे मफ.
समोर आठ आसनांचं पांढरं विमान,
शेपटीशी दोन इंजिनं, माझ्या खांद्याच्या उंचीला.

आधी वारा बघायचा.
मागून लू शिरत असेल तर नाक फिरवून घ्यायचं,
नाहीतर पेटताना आच चढत जाते.
मग बॅटरी. चोवीस व्होल्टच्या खाली
बटणाला हात लावायचा नाही.
अर्धपोटी बॅटरी इंजिन फिरवते थोडं
आणि जाळते फार.

मी बोट वर करून गोल फिरवते.
कॅप्टन पेस्तनजी बटण दाबतात.
कण्हल्यासारखी एक बारीक रेघ,
पाती एकमेकांत विरघळतात,
आठ टक्के, दहा,
इंधन,
आत कुठंतरी टक् टक् टक् ठिणगी,
आणि फूऽत.
काटा मला दिसत नाही. मी त्यांचं कपाळ पाहते.
सातशेकडे आच धावते तेव्हा
त्यांची डावी भुवई वर जाते,
उतरली की खाली येते.
मला तेवढं मीटर पुरतं.

सुरू होणं सगळ्यांनाच ऐकू येतं.
कुंपणापलीकडची पोरं टाळ्या वाजवतात.

बंद होणं मला उरकुडेंनी शिकवलं.
विमान जागेवर आलं, चाकाला ठोकळे लागले,
मी म्हटलं, आता बंद करायचं ना?
थांब न पोरी, थंडं होऊन रायलं.
पुण्याहून आलेला ट्रेनी हसला होता.
होऊन रायलं काय? होतंय म्हणा.
उरकुडे म्हणाले, होतंय म्हणजे होऊन जाईन.
हे रायते. बाहेरचा पत्रा लवकर आकसते,
आतली पाती उशिरा.
दोघायनं एकमेकांसाठी थांबा लागते.
दोन मिनिटं. घड्याळ लावून.

आज सहा वाजता परत आलं.
खिडकीत शेटजी, मनगटावर टिचक्या मारत.
बाहेर त्यांची गाडी एसी लावून उभी.
पेस्तनजींनी काचेतून मला दोन बोटं दाखवली
आणि मागे वळून पाहिलंच नाही.

मग लिव्हर मागे.
आग विझल्याचा आवाज नसतो.
नुसती गती उरते, तिला आता काही काम नाही.
मी एका कानाचा मफ काढते.
हुंऽऽऽ, हुंऽऽ, हुं,
सैल पात्यांची किणकिण,
आणि उजव्या इंजिनात, अगदी शेवटी,
काहीतरी.

रात्री जयताळ्याला गेले.
उरकुडेंना आता ऐकू येत नाही.
चाळीस वर्षं मफ घातला नाही.
कान झाकले त इंजिन काय म्हणून रायलं
ते कसं कळन?
लाइट बिलाच्या पाठीवर मी लिहिलं: खर्र.
त्यांनी चष्मा लावला, खोडलं,
खाली लिहिलं: खर्र का खस्स?
मला सांगता येईना.
त्यांचा हात ओढला, तळव्यावर
नखानं आवाज काढून दाखवला,
आधी हलका, मग थांबत थांबत.
डोळे मिटून बसले.
बेअरिंग नाही. पातं कडेला घासून रायलं.
काल कोणं घाई केली?

काल माझी सुट्टी होती.

तेवढ्यात लाइट गेली.
कूलरचा पंखा उतरू लागला.
अंधारात चाचपत त्यांनी
तळवा कूलरच्या पत्र्यावर ठेवला
आणि दुसऱ्या हाताचं बोट वर केलं:
बोलू नको.